वाणीचीही एक एकादशी

आषाढ लागला, नीरेला गढूळ पाणी आले आणि दिंड्या पुणे जिल्हा ओलांडून आमच्या सातारा जिल्ह्यात उतरू लागल्या, की आमचे मन घरात रमत नाही. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घडते, पालखी लोणंदला मुक्कामास येते आणि पुढे तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पंढरीची वाट चालू लागते. या सोहळ्याला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिस्तीचे रूप देणारे हैबतबाबा साताऱ्याजवळच्या आरफळचे. त्यामुळे आम्हां सातारकरांना या सोहळ्याविषयी घरच्यासारखी आत्मीयता वाटते. चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण पाहावयास लोटणारी गर्दी सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस मात्र वर्षानुवर्षे ओढ लागते ती मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी होणाऱ्या समाजआरतीची.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळमृदंगांचा आणि नामघोषाचा कल्लोळ चाललेला असतो. इतक्यात चोपदार आपला दंड उंच करतात आणि क्षणार्धात तो सारा जनसमुदाय शांत होतो. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तेवढी दिंडी टाळ वाजवीत राहते. मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. त्यानंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते. मग आरती होते. लाखोंच्या मेळ्यात कोणाची पिशवी कोणाला सापडावी, त्याने ती आणून द्यावी, पुकारा व्हावा आणि ज्याची त्याला मिळावी, हे आम्हांस लहान आश्चर्य वाटत नाही.

हे कशाच्या बळावर घडते? चोपदारांच्या हाती दंड असतो, पण तो कोणाच्या पाठीवर पडण्यासाठी नव्हे. तो उचलला की लोक गप्प होतात, कारण पुढे जे सांगितले जाईल ते खरे व सर्वांच्या कामाचे असेल असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. चोपदारांकडूनही त्या शांततेचा कधी गैरवापर होत नाही. हाती आल्याशिवाय वस्तू सापडली म्हणून पुकारली जात नाही आणि ठरल्याशिवाय प्रस्थानाची वेळ सांगितली जात नाही. ऐकणाऱ्यांचा विश्वास आणि सांगणाऱ्याची जबाबदारी यांची अशी गाठ पडली म्हणजे तेथे शब्द कामास येतो. यांपैकी एक जरी ढिले झाले तरी उरतो तो केवळ आवाज.

आज एकादशीच्या पर्वावर हा विषय काढण्यास एक कारण आहे. ते आमच्याच प्रमादाचे आहे, आणि तो सांगितल्याविना इतरांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही.

सन २०२२ च्या गणेशोत्सवात मेढ्यास आमची तीन दिवसांची कीर्तनसेवा होती. वाईहून पाचवड-कुडाळमार्गे मेढ्यास जाणे हा आमच्या वर्षाचा ठरलेला क्रम आहे. वेण्णेच्या काठचे हे जावळीचे ठाणे. भाद्रपदात भातखाचरे हिरवीगार असतात आणि केळघरच्या घाटावर ढग उतरलेले असतात. या खोऱ्यातील घराघरांतले कोणी ना कोणी मुंबईत माथाडीच्या किंवा अन्य कामावर असल्यामुळे गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी गाव भरून गेलेले असते. मंडळी भाविक आहेत. कीर्तनकार सांगेल ते मान खाली घालून ऐकावे, बुक्का लावून घ्यावा आणि नारदाच्या गादीला नमस्कार करून घरी जावे, ही त्यांची रीत.

त्या दिवसांत मोबाइलवर एक संदेश फिरत होता. मुले पळविणाऱ्या टोळ्या साधूंच्या व भिक्षेकऱ्यांच्या वेषात गावोगाव हिंडत आहेत, सावध राहा, असा त्याचा मथितार्थ. आमच्या नात्यातल्याच एका सज्जन तरुणाने तो आम्हांस धाडला होता. आम्ही तो कोणास विचारून पाहिला नाही. पहिल्या दिवशीच्या पूर्वरंगात विवेकाचे निरूपण चालले असता ओघात आम्ही म्हणून गेलो, ‘माउल्यांनो, लेकरे सांभाळा, भगव्या वस्त्राआड हल्ली काय असेल सांगता येत नाही.’ समोरच्या आयांनी मांडीवरची मुले जवळ ओढली. आपण समाजहिताची गोष्ट सांगितली याचे आम्हांस समाधान वाटले. खोटे कशाला बोला, किंचित अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस. टी. स्थानकाजवळ चहा घेत असता गलका ऐकू आला. एक डवरी गोसावी, खांद्याला झोळी, बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा, असा दहा-बारा तरुणांच्या घोळक्यात सापडला होता. ‘हे पोर कुणाचं?’ ‘कार्ड दाखव!’ असा प्रश्नांचा मारा चालला होता. तो बिचारा ‘माझंच हाय, दादा’ एवढेच म्हणत होता आणि मूल बापाच्या पायांस मिठी मारून रडत होते. आम्ही पुढे झालो, तोच एक तरुण आमच्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘बुवांनीच सांगितलंय रात्री कीर्तनात!’

वाचकहो, आपलाच शब्द असा दुसऱ्याच्या मुखातून समोर येऊन उभा राहिला म्हणजे काय वाटते, ते आम्ही त्या सकाळी जाणले. आणि लज्जेची गोष्ट ही, की आम्ही गप्प राहिलो. ‘मी सांगितले ते ऐकीव होते’ हे पाच शब्द त्या क्षणी आमच्या जिभेवर आले नाहीत. तो प्रसंग निभावला तो भाजी विकावयास बसलेल्या एका वृद्ध बाईमुळे. ती जागेवरूनच कडाडली, ‘आरं, ह्यो दरसाली येतोय. ह्याचा बा बी येत हुता, त्येला म्या वळखत हुते. सोडा त्येला!’ घोळका पांगला. गोसाव्याने मुलाचे डोळे पुसले आणि जाता जाता आम्हांस म्हणाला, ‘महाराज, आम्ही बी देवाचंच नाव घेतो की.’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हांस सोपे गेले असते.

मेढ्यात त्या दिवशी कोणास इजा झाली नाही, ही देवाची कृपा. परंतु तो महिना सरण्यापूर्वीच, १३ सप्टेंबर २०२२ रोजी, शेजारच्या सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात लवंगा या गावी जे घडले ते वर्तमानपत्रात वाचून आमच्या हातापायांतले बळ गेले. उत्तरेकडील चार साधू विजापूरकडून पंढरपुरास निघाले होते. वाटेत त्यांनी एका मुलास रस्ता विचारला. मुले पळविणारी टोळी हीच, असा समज झाला आणि त्यांना काठ्यांनी मारहाण झाली. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा ते मथुरेकडील एका आखाड्याचे साधू निघाले. विठ्ठलाच्या दर्शनास निघालेल्या वाटसरूंना विठ्ठलाच्याच मुलखात हा प्रसाद मिळाला.

त्याच्याही आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे रविवारच्या बाजाराच्या दिवशी असाच संशय घेतला गेला आणि पाच माणसे जिवानिशी गेली. ती सारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेसाठी हिंडणारी होती. आमच्या मेढ्याच्या गोसाव्याचेच ते भाऊबंद. ती वार्ता आम्ही २०१८ साली वाचली होती, हळहळलो होतो, एका कीर्तनात दाखला म्हणून सांगितलीही होती. तरीही चार वर्षांनी तीच अफवा आमच्या हाती आली तेव्हा आम्ही ती ओळखली नाही. कारण या वेळी ती परक्याकडून आली नव्हती, घरच्या माणसाकडून आली होती.

या साऱ्या प्रकरणाचे मर्म आमच्या मते येथेच आहे. अफवा अविश्वासावर वाढते असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. अनोळखी गोसाव्याविषयी अविश्वास होता हे खरे, पण तो जागा झाला तो ओळखीच्या माणसांवरील विश्वासामुळे. नात्यातल्या तरुणावर आमचा विश्वास, आमच्यावर मेढेकरांचा विश्वास, अशा साखळीने तो खोटा शब्द चालत आला. प्रत्येक कडीत एक भला माणूस उभा होता. प्रत्येकाची समजूत अशी, की मी केवळ निरोप्या आहे, निरोप खरा की खोटा ते पाठविणाऱ्याने पाहावे.

निरोप्याची ही सबब शास्त्रास मान्य नाही. महाभारतातील द्रोणवधाचा प्रसंग आठवावा. अश्वत्थामा पडला ही वार्ता भीमाने आधीच द्रोणाचार्यांच्या कानी घातली होती. तेवढ्याने ते खचले नाहीत. त्यांनी विचारले ते युधिष्ठिराला, कारण त्रैलोक्याचे राज्य मिळत असले तरी हा असत्य बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती. युधिष्ठिराने ती वार्ता रचली नव्हती. त्याने केवळ दुजोरा दिला, आणि तो हत्ती होता हे शब्द अस्पष्ट उच्चारले. तरी त्या दुजोऱ्यानेच आचार्यांचे बळ गेले. पृथ्वीपासून चार अंगुळे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी भूमीस टेकला असे व्यास सांगतात. भीमाचा रथ आधीपासून भूमीवरच होता. उंच होता तो खाली आला. ज्याच्यावर लोकांचा विश्वास अधिक, त्याच्या असत्याची हानी अधिक आणि म्हणून त्याचे उत्तरदायित्वही अधिक, हाच या कथेचा बोध आम्ही घेतो.

मग विश्वास ठेवावा तरी कोणावर? न्यायशास्त्राने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. गौतमांनी प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्याबरोबर शब्दालाही प्रमाण मानले, पण तो आप्ताचा शब्द असला पाहिजे असे बजावले. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. भाष्यकार वात्स्यायन सांगतात, की ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्यास सांगावी एवढ्याच इच्छेने जो बोलतो, तो आप्त. हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेच्छांनाही सारखेच लागू आहे, असेही ते स्पष्ट म्हणतात. कुळ, वेष, विद्या यांनी कोणी आप्त होत नाही.

ही व्याख्या आम्ही विद्यार्थ्यांना कित्येक वर्षे शिकवीत आलो. तिचा अर्थ मात्र मेढ्याच्या स्थानकावर कळला. अंगावर उपरणे, पाठीशी शास्त्राध्ययन आणि बसण्यास नारदाची गादी असूनही त्या दिवशी आम्ही आप्त नव्हतो, कारण आम्ही काही पाहिले नव्हते. भाजीच्या पाटीमागे बसलेली ती निरक्षर माउली मात्र आप्त होती. तिने त्या गोसाव्यास पाहिले होते, त्याच्या बापास पाहिले होते आणि जे पाहिले तेच ती बोलली. तिचा शब्द प्रमाण ठरला आणि आमचा बाधित झाला.

काही वाचक येथे शंका घेतील, की लेकराबाळांचा प्रश्न असता सावध करण्यात चूक काय? खोटे निघाले तर निघाले, पण खरे असते तर? शंका रास्त आहे आणि ती आम्हीही स्वतःस विचारली. तिचे उत्तर आमच्या सह्याद्रीनेच दिलेले आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. जावळीच्या डोंगरकपारीतल्या वाड्यांनाही हे भय दर पावसाळ्यात असते. अशा रात्री कोणी दार ठोठावून ‘घर सोडा’ म्हणाला, तर म्हातारेकोतारे घेऊन पावसात बाहेर पडावयाचे ते केवळ एका शब्दाच्या भरवशावर. तो भरवसा आम्ही वर्षभर पोकळ इशाऱ्यांवर खर्चून टाकला, तर खऱ्या इशाऱ्याच्या वेळी तो शिल्लक राहील काय? म्हणून सावध जरूर करावे, पण आधी तलाठ्यास, पोलीस पाटलास, ठाण्यावर विचारून. विचारण्यास दहा मिनिटे लागतात. आम्हांस तर दुपारपासून रात्रीपर्यंत वेळ होता.

दुसरे कोणी म्हणतील, की दोष त्या यंत्राचा आहे. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास आळा घातला, ही गोष्ट खरी आणि योग्यही. परंतु २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर आणि परदेशातही पोहोचली, तेव्हा हे यंत्र कोठे होते? तेव्हा टेलिफोन होता आणि माणसाचे तोंड होते. शास्त्रज्ञांनी द्रवाच्या पृष्ठताणाचे कारण सांगितले. ते कोणी मानले, कोणी मानले नाही. त्यातून निदान कोणाचा जीव गेला नाही. यंत्रामुळे वेग वाढला आहे एवढेच. पाचांना धाडावे की एकालाही धाडू नये, हे ठरविणारे बोट आजही आपलेच आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचे विवेचन आहे. वाणी असते ती आपला बोध दुसऱ्याच्या ठायी पोहोचविण्यासाठी; ती फसविणारी, भ्रांतीतून आलेली वा अर्थहीन नसावी आणि प्राणिमात्राच्या हितासाठी असावी, घातासाठी नसावी, असा त्याचा आशय. यात ‘भ्रांतीतून आलेली’ हा भाग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. म्हणजे केवळ मुद्दाम खोटे बोलणे हाच दोष नव्हे, न तपासता बोलणे हाही वाणीचा दोषच आहे.

राहिला प्रश्न चूक झाल्यावर काय करावे हा. त्या दिवशी सायंकाळी आम्ही मेढ्यात त्याच गादीवर उभे राहिलो आणि नमनापूर्वीच सांगितले, की काल जे बोललो ते ऐकीव होते, विचारपूस न करता बोललो, आणि त्यामुळे आज एका निरपराध माणसास त्रास झाला. सभेत क्षणभर कुजबुज झाली. घरी परतताना एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘बुवा, कबूल केलंत ते बरं झालं. आता तुमचं बाकीचं खरं वाटतं.’ तथापि मनास एक बोचणी राहिली ती आजही आहे. पहिल्या दिवशी जेवढे श्रोते होते तेवढे दुसऱ्या दिवशी नव्हते. जे आले नाहीत त्यांच्या कानात आमचा पहिलाच शब्द अजून असेल, आणि तो गोसावी तर आमचे कबूल करणे ऐकावयास तेथे नव्हताच. गेलेला शब्द पुरता परत येत नाही. म्हणूनच तो जाण्यापूर्वी थांबवावयाचा असतो.

आज देवशयनी एकादशी. आजपासून चातुर्मास लागतो आणि आपल्या घराघरांत नेम धरले जातात. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी वांगे सोडतो, कोणी एकभुक्त राहतो. या नेमांत यंदा आणखी एकाची भर घालावी अशी आमची विनंती आहे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत, जे आपण स्वतः पाहिले वा जाणले नाही आणि ज्याची जाणत्याकडे विचारपूस केली नाही, ते कोणाच्या बदनामीचे वा भयाचे वृत्त पुढे सांगावयाचे नाही आणि पुढे धाडावयाचेही नाही. चुकून सांगितले गेलेच, तर जेथे सांगितले तेथेच आणि ज्यांना सांगितले त्यांच्याच समोर ते मागे घ्यावयाचे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हा नेम आधी धरावा, कारण घरात त्यांचा शब्द मोठा. मुलासुनांनी ‘आजी, हे कोणी पाहिलं?’ असे विचारले तर त्यात अपमान मानू नये. असे विचारणारे घर भाग्याचे समजावे.

ऐकणारा आपल्यावर जो विश्वास टाकतो, ती आपली कमाई नसून त्याने आपल्यापाशी ठेवलेली ठेव असते. दुसऱ्याची ठेव जपून वापरण्याइतका धर्म आपणां सर्वांस ठाऊक आहे. तळावर हरवलेली पिशवी चोपदारांपाशी नेऊन देणारा वारकरी हाच धर्म आचरीत असतो.

यंदाही आम्ही भाद्रपदात मेढ्यास जाणार आहोत. तो गोसावी पुन्हा भेटला तर त्याच्यासमोर हात जोडावयाचे राहिले आहेत. तो भेटावा आणि त्याचे लेकरू या मुलखात निर्भयपणे हिंडावे, एवढेच आजच्या दिवशी पांडुरंगाच्या चरणी मागणे.